किल्ली कोणाच्या कमरेला

रमजानच्या शेवटच्या जुम्याला, म्हणजे जुमातुल विदाला, आमच्या कामठीत बैतुल मुकद्दससाठी दुआ मागितली जाते. लहानपणापासून आम्ही त्या दुआला ‘आमीन’ म्हणत आलो. जेरुसलेम नकाशात कुठे आहे हे कळण्याआधीच ते आपले आहे हे आम्हाला कळले होते. मदिनेत हिजरतनंतर सोळा-सतरा महिने मुसलमानांनी त्याच शहराकडे तोंड करून नमाज पढली, ही गोष्ट मदरशातल्या उस्तादांनी इतक्यांदा सांगितली होती की ते शहर कन्हान नदीच्या पलीकडेच कुठेतरी असावे असे वाटे.

एका जुमातुल विदाला नमाज आटोपून आम्ही पाच-सात जण चहाला थांबलो होतो. मोहल्ल्यातला एक कॉलेजात शिकणारा मुलगा सोबत होता. तो म्हणाला, “चाचा, ती जमीन पहिल्यांदा कोणाची होती?” प्रश्न साधाच होता. आमच्यातल्या एका बुजुर्गांनी लगेच उत्तर दिले, “आपली.” मुलगा म्हणाला, “हजरत दाऊद तर आपल्या दीड हजार वर्षांआधीचे. मग?” बुजुर्ग म्हणाले, “ते आपलेच पैगंबर.” मुलगा गप्प बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते. खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते. कारण ‘पहिल्यांदा कोणाची’ हे शब्द आम्ही दुसऱ्यांच्या तोंडून फार ऐकले आहेत. शाळेत ऐकले, सभांच्या भाषणांत ऐकले, टीव्हीच्या चर्चेत तर रोजच ऐकतो. तेव्हा ते आमच्या अंगावर फेकले जातात. इथे तेच शब्द आम्ही हातात घेत होतो. त्या संध्याकाळपासून हा प्रश्न आमच्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात घरापासून करू. कामठीत ‘पहिला’ शोधायला गेले तर काय हाती लागते? इंग्रजांनी कन्हानच्या काठी लष्करी छावणी वसवली ती १८२१ साली. सीताबर्डीची लढाई होऊन चारच वर्षे झाली होती. छावणीमागे मद्रासकडचे शिपाई आले, त्यांच्यामागे बाजार आला, उत्तरेकडून मोमीन विणकर आले, मारवाडी आले, पाद्री आले, विडीचे कारखाने आले. आजही इथे एका गल्लीत उर्दू, दुसरीत हिंदी, तिसरीत वऱ्हाडी वळणाची मराठी ऐकू येते. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे बाबू हरदास इथलेच. १९९९ पासून जपानी मदतीने उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस बुद्धविहारही इथलेच. म्हणजे कामठीत जो तो बाहेरूनच आलेला. आणि छावणीच्या आधी? तेव्हा इथे भोसल्यांचा अंमल होता. त्याआधी देवगडचे गोंड राजे. त्यांतल्या बख्त बुलंद शाहाने इस्लाम स्वीकारला आणि १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले. त्याआधीचे विचारायचे तर रामटेकच्या टेकडीकडे पाहावे, तिथे यादव आहेत, वाकाटक आहेत. भोसल्यांचे राज्य १८५३ मध्ये राजा निपुत्रिक वारला म्हणून खालसा झाले, मग मध्य प्रांत, १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र. दोनशे वर्षांत सरकारी कागदावरचे शिक्के इतक्यांदा बदलले. आमच्या विणकराच्या मागावर मात्र तोच ताणा आणि तोच बाणा होता.

आता बैतुल मुकद्दसकडे वळू. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातल्या इजिप्तच्या मातीच्या पाट्यांवर या शहराचे नाव येते. तेव्हा तिथे कनानी राजा होता आणि तो मिसरच्या फारोकडे मदत मागत होता. हजरत दाऊद यांनी हे शहर यबूसी लोकांकडून घेतले असे खुद्द बायबलच सांगते. म्हणजे ज्यांचा दावा सर्वांत जुना मानला जातो त्यांच्याच ग्रंथात त्यांच्याआधीच्या रहिवाशांचे नाव लिहिलेले आहे! इ. स. पूर्व ५८६ मध्ये बाबिलोनच्या फौजेने मंदिर पाडले. लोक परतले, पुन्हा मंदिर बांधले. इ. स. ७० मध्ये रोमनांनी तेही पाडले. पुढे १३५ साली हेड्रियन बादशाहाने शहराचे नावच बदलले आणि यहुद्यांना आत यायला बंदी केली. मग रोम ख्रिस्ती झाले आणि चौथ्या शतकात येशूच्या थडग्यावर मोठे चर्च उभे राहिले. ६१४ मध्ये इराणी आले, काही वर्षांनी पुन्हा बायझंटाइन. ६३७ किंवा ६३८ मध्ये हजरत उमर यांच्या काळात शहर मुसलमानांकडे आले. १०९९ च्या जुलैत क्रुसेडर शिरले आणि त्यांनी मुसलमान व यहुदी दोघांचीही कत्तल केली. कुब्बतुस्सखरावर क्रूस चढला. ११८७ मध्ये सलाहुद्दीन अय्युबी यांनी शहर परत घेतले. १२२९ ला एका तहाने ते पुन्हा ख्रिस्ती राजाकडे गेले आणि १२४४ ला परत सुटले. मामलूक, मग १५१७ पासून बरोबर चारशे वर्षे उस्मानी तुर्क. डिसेंबर १९१७ मध्ये इंग्रज सेनापती ॲलन्बी पायी चालत शहरात आला. १९४८ ला इंग्रज गेले, इस्रायल झाले, सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरांतून उठले. शहराचे दोन तुकडे झाले आणि १९६७ ला पूर्वेकडचा तुकडाही इस्रायलने घेतला.

या यादीत कोणीही ‘आम्ही दुसऱ्याची जमीन घेतो आहोत’ असे म्हणत आलेला नाही. प्रत्येक जण ‘परत’ आला आहे. क्रुसेडरसुद्धा येशूची भूमी परत घ्यायला आले होते. फ्रान्सच्या खेड्यातून निघालेला शेतकरी, ज्याच्या खापरपणजोबानेही जेरुसलेम पाहिले नव्हते, तोही परतच येत होता. ‘पहिला कोण’ हा प्रश्न ज्याच्या हातात तलवार असते त्याला फार आवडतो, कारण त्याचे उत्तर हवे त्या शतकावर बोट ठेवून देता येते.

यावर काही वाचक म्हणतील, हे ठीक आहे, पण आम्ही मजलूम आहोत, आमच्याकडे कशाला बोट दाखवता? बोट दाखवतो, कारण तराजू बदलण्याची सवय आम्हालाही आहे. १००९ मध्ये इजिप्तच्या फातिमी खलिफा हाकिमने येशूच्या थडग्यावरचे ते चर्च पाडले, हे आमच्या जलशांत कोणी सांगत नाही. सलाहुद्दीन यांची दरियादिली आम्ही सांगतो आणि ती खरी आहे. क्रुसेडरांनी केली तशी कत्तल त्यांनी केली नाही. पण ज्यांना सुटकेची रक्कम भरता आली नाही असे हजारो लोक गुलाम झाले, हेही त्याच इतिहासात लिहिले आहे. इतके दूर कशाला? जुलै २०२० मध्ये तुर्कस्तानच्या सरकारने आया सोफियाची पुन्हा मशीद केली. ५३७ साली बांधलेले चर्च, १४५३ ला मशीद, १९३४ ला संग्रहालय, आणि आता परत मशीद. त्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातल्या मोबाइलांवर मुबारकबादीचे संदेश फिरत होते. त्याच्या आठ महिने आधी, ९ नोव्हेंबर २०१९ ला, अयोध्येचा निकाल आला होता. ६ डिसेंबर १९९२ ला मशीद पाडणे हे कायद्याचे गंभीर उल्लंघन होते असे न्यायालय म्हणाले आणि जागा मंदिराला दिली. त्या रात्री आमच्या घरांत चूल कशी पेटली ते आम्हाला ठाऊक आहे. मग आठ महिन्यांनी आम्ही मुबारकबाद कशाची देत होतो? बळाने घेतलेली जागा पाचशे वर्षांनी पवित्र होते आणि सत्तावीस वर्षांनी होत नाही, असा काही हिशेब आहे काय?

‘पहिला तो मालक’ हे तत्त्व धरले तर आम्ही जेरुसलेममध्ये हरतो. ‘जिंकला तो मालक’ हे धरले तर १९६७ नंतर तिथेही हरतो आणि १९९२ नंतर इथेही. शिवाय दोन्ही तत्त्वे मुळातच खोटी आहेत, केवळ आम्ही हरतो म्हणून नव्हे.

आमच्या संसदेने १९९१ मध्ये प्रार्थनास्थळांविषयी एक कायदा केला. १५ ऑगस्ट १९४७ ला जे स्थळ ज्या स्वरूपात होते तेच स्वरूप राहील, असे त्यात आहे. अयोध्या तेवढी वगळली. या कायद्यावर एक आक्षेप घेतला जातो तो असा, की १९४७ च का? १५२८ का नको? ११९२ का नको? आक्षेप बिनतोड वाटतो, कारण तारीख मनानेच ठरवलेली आहे हे खरे आहे. पण कुठली तरी तारीख धरल्याशिवाय माणसाला दुसऱ्याशेजारी झोप कशी लागणार? शेतातला बांधही कधीतरी कोणीतरी मनानेच घातलेला असतो. तो उकरायला निघालेला शेतकरी ‘मी न्याय करतो आहे’ असेच म्हणतो. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे नवे दावे तूर्त नोंदवून घेऊ नका असे खालच्या न्यायालयांना बजावले, तेव्हा आम्हाला हायसे वाटले. हायसे वाटणे ठीकच आहे. पण ज्या दिवशी हा बांध आमच्या बाजूने उकरता येईल त्या दिवशीही आम्ही तो मानू काय, याचे उत्तर आजच देऊन ठेवायला हवे.

हजरत उमर यांची गोष्ट आम्हा सर्वांना पाठ आहे. शहर ताब्यात आल्यावर पेट्रिआर्क सोफ्रोनियस त्यांना चर्च दाखवत होता. नमाजची वेळ झाली. तो म्हणाला, इथेच पढा. उमर यांनी नकार दिला आणि बाहेर येऊन नमाज पढली. कारण विचारल्यावर ते म्हणाले, मी आत पढलो असतो तर उद्या माझे लोक ‘उमर इथे पढले होते’ म्हणत हे चर्च तुमच्याकडून घेतील. ही हकीकत दहाव्या शतकातल्या एका ख्रिस्ती इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. ती शब्दशः अशीच घडली का, यावर अभ्यासक वाद घालतात. आम्हाला तो वाद इथे महत्त्वाचा वाटत नाही. ही गोष्ट आम्ही मिंबरवरून सांगतो, मुलांना सांगतो, तिच्यावर अभिमानाने मान वर करतो, तेव्हा ती आमच्यावर बंधनकारक झाली. आणि गोष्टीतला मुद्दा सहिष्णुतेचा आहे असे जे नेहमी सांगितले जाते ते आम्हाला अपुरे वाटते. उमर यांना ख्रिस्ती लोकांची भीती नव्हती, त्यांना आपल्याच माणसांची भीती होती. आपल्या श्रद्धेचे उद्या काय करतील हे त्यांनी ओळखले होते, आणि म्हणून त्यांनी पुढच्यांच्या हातात पुरावाच ठेवला नाही.

त्याच चर्चच्या दरवाजाची किल्ली आज दोन मुसलमान घराण्यांकडे आहे. जूदेह घराणे किल्ली सांभाळते, नुसैबेह घराणे दरवाजा उघडते. आत ख्रिस्ती पंथांचे आपापसांत इतके भांडण, की उस्मानी सुलतानांनी एकोणिसाव्या शतकात जो जिथे आहे तो तिथेच राहील असा हुकूम काढला. दर्शनी खिडकीखालची एक लाकडी शिडीसुद्धा तेव्हापासून कोणाला हलवता येत नाही. अशा घराची किल्ली परक्याकडे असणेच सोयीचे. या घराण्यांना कोणी मालक म्हणत नाही. रोज पहाटे उठून दरवाजा उघडायचा आणि रात्री लावायचा, एवढेच त्यांचे काम.

असे काही आपल्याकडे आहे काय? आहे, आणि ते फार दूर नाही. ठाणे जिल्ह्यात कल्याणजवळ मलंगगड आहे. गडावर हाजी अब्दुर्रहमान मलंग यांचा दर्गा. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये त्याची हकीकत दिली आहे. १७८० मध्ये इंग्रज या मुलुखात आले आणि दोन वर्षांनी निघून गेले. ते बाबांच्या करामतीने गेले अशी लोकांची श्रद्धा बसली, आणि पेशव्यांनी दर्ग्यावर मोती लावलेली जरीची चादर पाठवली. ती घेऊन जाणारे कल्याणचे ब्राह्मण काशिनाथपंत केतकर. त्यांनी मजारची दुरुस्ती केली आणि व्यवस्था पाहू लागले. पेशव्यांच्या राज्यात, ब्राह्मणाच्या हाती, मुसलमान वलीचा दर्गा. १८१७ मध्ये मात्र वाद उभा राहिला. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा वाटले, कोणी हिंदूंनी हरकत घेतली असेल. पण तसे नव्हते. हरकत कल्याणच्या मुसलमानांची होती. दर्ग्याचा कारभार ब्राह्मणाकडे कसा, असा त्यांचा सवाल. प्रकरण कलेक्टरपर्यंत गेले. बाबांची मर्जी काय ते चिठ्ठ्या टाकून पाहावे असे ठरले. तीन वेळा चिठ्ठ्या टाकल्या, तिन्ही वेळा केतकरांच्या प्रतिनिधीचेच नाव निघाले. तेव्हापासून ते घराणे तिथे आहे.

१९८० च्या दशकात पुन्हा वाद उठला तो दुसऱ्या बाजूने. ही मच्छिंद्रनाथांची समाधी आहे, ती मुक्त करा, अशी चळवळ आनंद दिघे यांनी चालवली. जानेवारी २०२४ मध्ये राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी मलंगगडच्या मुक्तीचा शब्द जाहीरपणे दिला. आमच्या सभांत आम्ही या चळवळीचा निषेध करतो आणि तो केलाच पाहिजे. मात्र त्या गडावर ‘हे स्थळ फक्त एकाचेच असले पाहिजे’ असा पहिला अर्ज १८१७ साली आमच्याच लोकांनी केला होता. दोन्ही अर्जदारांना एकच गोष्ट सहन होत नव्हती. ती म्हणजे केतकर.

आमच्या शरियतमध्ये वक्फ म्हणून जी कल्पना आहे तिचा आम्ही कज्जेदलालीपलीकडे कधी विचारच केला नाही. वक्फ झालेल्या मालमत्तेला माणूस मालक नसतो. मुतवल्ली असतो, तो सांभाळणारा. मालकी अल्लाहची. ही कल्पना नीट घेतली तर इबादतीच्या जागेवर विजेत्याचा हक्क उरत नाही, मग तो विजेता कलमा पढणारा असला तरी. सूरह हजमध्ये मठ, चर्च, सिनेगॉग आणि मशिदी यांचा एकाच दमात उल्लेख आहे आणि त्या सर्वांच्या रक्षणाची गोष्ट आहे. मशिदीचे नाव तिथे शेवटी येते, हेही पाहण्यासारखे आहे.

इथे एक धोका आहे. हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, मालकी कोणाचीच नाही तर पॅलेस्टिनी माणसाने तरी तक्रार कशाला करावी? हा युक्तिवाद लबाडीचा आहे. इबादतीची जागा वेगळी आणि राहण्याची जागा वेगळी. मलंगगडावर फातिहा आणि आरती दोन्ही होऊ शकतात, कोणाचे काही जात नाही. पण एका चुलीवर दोन कुटुंबांचा हक्क सांगता येत नाही, एक बाहेर गेल्याशिवाय दुसरे आत येत नाही. १९४८ ला घर सोडून गेलेल्या कुटुंबांनी घराच्या लोखंडी किल्ल्या अजून जपून ठेवल्या आहेत. ती किल्ली जूदेह घराण्याच्या किल्लीसारखी नाही. ती खरोखर मालकाची किल्ली आहे, तिच्यामागे ऑलिव्हची झाडे आहेत, विहीर आहे, आजीची खोली आहे. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली, त्यांतली कितीतरी आपल्या घरातच होती. त्यानंतर गाझात घरेच्या घरे माणसांसकट जमीनदोस्त झाली, तिथल्या आरोग्य खात्याने दिलेला मृतांचा आकडा साठ हजारांच्या वर गेला. यांत मरणाऱ्या मुलाला शहर दाऊदांचे की उमर यांचे, हे विचारायची पाळी आली नाही.

म्हणून आम्हाला वाटते की आमची दुआ चुकीच्या शब्दांत मागितली जाते. बैतुल मुकद्दस ‘आमच्या ताब्यात’ यावे, असे आम्ही मागतो. तिथला ख्रिस्ती पॅलेस्टिनीही बेघर झाला आहे, त्याचे नाव आमच्या दुआत नसते. हा सवाल दीनचा करून टाकला की समोरच्यालाही तो दीनचाच करता येतो, आणि मग तीन हजार वर्षांचे कागद काढून बसणे त्याला फार सोपे जाते. घर, पाणी, रस्ता, झाड यांची भाषा बोललो तर त्याला उत्तर द्यावे लागते.

आपल्या मराठी मुलुखातून गेलेल्यांचीच गोष्ट पाहा. अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्रायल, कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत, ते १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. घरात मराठी बोलणारी ही माणसे. इथे शतकानुशतके त्यांना कोणी छळले नाही. तिथे गेल्यावर मात्र धर्मपीठाने विचारले, तुम्ही खरे यहुदी कशावरून? लग्ने अडली. त्यांना जेरुसलेममध्ये आंदोलन करावे लागले, तेव्हा कुठे १९६४ मध्ये संसदेने ते इतरांसारखेच यहुदी आहेत असे जाहीर केले. ज्या भूमीवर ‘मुळातले’ असल्याच्या दाव्याने पाय ठेवला, तिथेच मूळ सिद्ध करा म्हणून अडवले गेले. त्याच काळात हैफामध्ये जन्मलेला पॅलेस्टिनी लेबनॉनच्या छावणीत रेशनच्या रांगेत उभा होता, आणि त्याचे मूळ तर कोणी विचारतही नव्हते.

कामठीचे एक नाव राहिले. ताजुद्दीन बाबा १८६१ साली इथेच जन्मले, इथेच वाढले, पलटणीत नोकरी केली. लोकांनी त्यांना वेडे ठरवले, १८९२ पासून सोळा वर्षे ते नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात होते. तिथून त्यांना बाहेर आणणारे राजे रघुजीराव भोसले. राज्य गेलेला राजा तो, पूर्वजांचा मुलूख इंग्रजांकडे गेलेला. त्याने शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात फकिराला ठेवून घेतले, आणि १९२५ मध्ये बाबांचे निधन झाले ते तिथेच. त्या फकिराच्या नावावर कामठीत किंवा नागपुरात एक गुंठाही जमीन नव्हती. आज ताजाबादला उर्सच्या वेळी भोसल्यांच्या मुलुखातले, गोंडांच्या मुलुखातले आणि मद्रासी शिपायांच्या वंशातले सगळे एका रांगेत उभे असतात, आणि रांगेत पुढे कोण यावरून भांडतातही!

तो कॉलेजातला मुलगा पुढे एकदा घरी आला होता. आम्ही त्याला मलंगगडची हकीकत सांगितली. त्याने चिठ्ठ्यांची गोष्ट दोनदा ऐकली. मग म्हणाला, “चाचा, आपले हे घर पहिल्यांदा कोणाचे होते?” आम्ही ट्रंक उघडून कागद काढले. त्यांत सर्वांत जुनी निघाली ती १९३१ ची घरपट्टीची पावती, इंग्रजीत, आजोबांच्या आधीच्या एका मालकाच्या नावाची. नाव वाळवीने अर्धे खाल्लेले होते. मुलाने पावती उजेडात धरून बराच वेळ पाहिली. ते नाव हिंदू की मुसलमान की ख्रिस्ती, हे त्यालाही सांगता आले नाही. अम्मीने आतून विचारले, चहात साखर किती टाकू?